विश्वाला अलौकिक कारण लागते का: हा युक्तिवाद तपासावा कसा

विश्व आहे, म्हणजे ते कोणीतरी निर्माण केलेच असले पाहिजे, हे विधान इतके साधे वाटते की ते तपासून पाहण्याची गरजच भासत नाही. आणि विज्ञानाने महास्फोट सिद्ध केल्यामुळे ईश्वराची गरज संपली, हे त्याचे उलट टोकही तितक्याच सहजपणे बोलून दाखवले जाते. दोन्ही विधानांत चार-पाच वेगवेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. पुढे दिलेली पद्धत हे गाठोडे सोडवण्याची आहे. तिच्यासाठी गणित यायला हवे असे नाही, मात्र एक कोरा कागद जवळ असावा, कारण या विषयावर तोंडी वाद घालताना शब्दांचे अर्थ बोलता बोलता बदलतात आणि ते बदलल्याचे बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

आधी शब्द पक्के करावेत

कागदाच्या माथ्यावर मूळ प्रश्न लिहावा: ‘विश्वाच्या उत्पत्तीसाठी अलौकिक कारण लागते का?’ या वाक्यातील सर्वांत वजनदार शब्द ‘अलौकिक’ नसून ‘लागते’ हा आहे. अलौकिक कारण असू शकते का, हा एक प्रश्न झाला. ते आहे असे मानणे समंजसपणाचे आहे का, हा दुसरा. आणि ते मानल्यावाचून गत्यंतरच नाही का, हा तिसरा. मूळ प्रश्न तिसऱ्या प्रकारचा आहे. जो ‘लागते’ म्हणतो त्याने इतर सर्व पर्याय अशक्य असल्याचे दाखवायला हवे. जो ‘लागत नाही’ म्हणतो त्याला एखादा सुसंगत पर्याय दाखवणे पुरते आणि तो पर्यायच खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. मात्र एवढ्याने ईश्वर नाही असे ठरत नाही, फक्त विश्वाच्या अस्तित्वावरून तो सिद्ध होत नाही एवढेच ठरते. हा भेद पहिल्याच ओळीत नोंदवून ठेवला नाही, तर पुढची सगळी चर्चा वाया जाते.

‘विश्व’ या शब्दाचे किमान दोन अर्थ प्रचारात आहेत. खगोलशास्त्रज्ञ बहुधा आपण ज्या प्रसरणशील अवकाशात आहोत त्याविषयी बोलत असतो. तत्त्वज्ञ मात्र भौतिक म्हणून जे जे काही आहे त्या सर्वाविषयी बोलतो. पहिल्या अर्थाच्या विश्वाला आरंभ असल्याचे दाखवून दुसऱ्या अर्थाच्या विश्वाविषयी निष्कर्ष काढला जात नाही ना, हे प्रत्येक पायरीवर पाहावे. ‘अलौकिक’ म्हणजे अवकाश, काळ आणि निसर्गनियम यांच्या पलीकडचे असे काही. जे केवळ अज्ञात आहे त्याला हा शब्द लावू नये. ‘शून्यातून’ हा शब्द आला की विशेष सावध राहावे, कारण पदार्थ नसणे, अवकाश व काळही नसणे आणि नियमसुद्धा नसणे या तीन वेगळ्या कल्पना आहेत. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताची (१०.१२९) सुरुवातच ‘नासदासीन्नो सदासीत्तदानीम्’ अशी आहे, म्हणजे तेव्हा असत् नव्हते आणि सत्ही नव्हते, ‘काहीच नव्हते’ असे म्हणून मोकळे होण्याचा सोपा मार्ग सूक्तकर्त्याने घेतलेला नाही. (त्या सूक्तात आधुनिक विश्वशास्त्र शोधण्याचा खटाटोप मात्र करू नये. त्यात सूक्तावरही अन्याय होतो आणि शास्त्रावरही.)

युक्तिवादाची जात ओळखावी

समोर येणारा युक्तिवाद बहुधा तीनपैकी एका प्रकारचा असतो. पहिला आरंभावर उभा असतो: ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. इस्लामी कलाम परंपरेत (ईश्वरविषयक तर्कचर्चेच्या परंपरेत) अल्-गझालीने (१०५८–११११) तो मांडला आणि विल्यम लेन क्रेग या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये त्याला आधुनिक विश्वशास्त्राची जोड दिली. दुसरा प्रकार आरंभाला महत्त्वच देत नाही. विश्व अनादि असले तरी ते असण्याला पुरेसे कारण हवे, असे त्याचे म्हणणे असते; काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने १७१४ मध्ये विचारलेला प्रश्न याच जातीचा. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तर स्पष्टच सांगतो की विश्वाला आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचे असते. त्याला अभिप्रेत असलेले कारण भूतकाळाच्या टोकाशी उभे नाही, ते याही क्षणी विश्वाला धारण करणारे आहे. तिसरा प्रकार न्यायदर्शनाचा: पृथ्वी, अंकुर इत्यादी गोष्टी कार्यरूप, म्हणजे कारणापासून उपजलेल्या, आहेत, घटासारख्या प्रत्येक कार्याला कर्ता असतो, म्हणून यांनाही कर्ता आहे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी दिलेल्या हेतूंमध्ये हे अनुमान अग्रभागी आहे.

जात ओळखण्याचा फायदा असा की चुकीच्या ठिकाणी वार केला जात नाही. ‘विश्व अनादि असू शकेल’ हा आक्षेप पहिल्या प्रकाराला लागू पडतो, दुसऱ्याला त्याचा ओरखडाही उठत नाही. ‘मग ईश्वराला कोणी निर्माण केले?’ हा सर्वांत लोकप्रिय प्रश्न तर तिन्ही प्रकारांना त्याच्या मूळ रूपात लागू पडत नाही, कारण यांपैकी कोणीही ‘झाडून सगळ्याला कर्ता असतो’ असे म्हटलेलेच नाही. ज्याला आरंभ आहे, जे आहे तसे नसूही शकले असते, किंवा जे कार्य आहे, त्यालाच कारण लागते असे ते म्हणतात. हा प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारावा: कुठेतरी थांबायचेच आहे, तर एक पाऊल अलीकडे, विश्वापाशीच, का थांबू नये? याचे उत्तर देताना समोरच्याला ईश्वर आणि विश्व यांच्यात नेमका कोणता फरक आहे ते सांगावे लागते, आणि चर्चा तिथून पुढे सरकते.

‘प्रत्येक कार्याला कर्ता असतो’ हे कुठून कळले?

सर्वाधिक वेळ या पायरीवर घालवावा. धूर तिथे अग्नी, या नित्य साहचर्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, व्याप्ती म्हणतात, आणि अनुमानाचे सारे बळ व्याप्तीत असते. तेव्हा पहिला प्रश्न हा की ही व्याप्ती कोणत्या उदाहरणांवरून मिळाली. घट, वस्त्र, घर यांचे कर्ते आपण पाहिलेले आहेत. पर्वताचा किंवा अंकुराचा कर्ता कोणी पाहिलेला नाही, आणि नेमके तेच सिद्ध करायचे आहे. सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी यावर दिलेले उदाहरण आजही बिनतोड आहे: मातीचा विकार असलेला घट कुंभाराने केला म्हणून मातीचा प्रत्येक विकार कुंभाराचाच म्हणायचा, तर वारूळसुद्धा कुंभाराने केले असे मानावे लागेल. ‘रचना’ हा शब्द दोन्हींना लावता येतो, पण शब्द एक असल्याने वस्तू एका जातीच्या होत नाहीत. कर्ता पाहिलेला नसतानाही ज्या प्रकारची रचना पाहून कर्त्याची आठवण होते, त्याच प्रकारच्या रचनेवरून अनुमान चालते; नुसत्या शब्दसाम्यावरून ते चालत नाही.

नैयायिकांचे उत्तरही कागदावर उतरवून घ्यावे. ते म्हणतात की जिथे कर्ता आहे की नाही याविषयीच वाद आहे, तीच स्थळे अपवाद म्हणून पुढे करता येत नाहीत. हे म्हणणे तर्काला धरून आहे. त्याने व्याप्ती मोडण्यापासून वाचते, पण बळकट मात्र होत नाही, आणि ‘लागते’ हा शब्द सिद्ध करण्यासाठी बळकट व्याप्ती हवी असते.

दुसरी तपासणी अशी की उदाहरण अर्धेच वापरले जात आहे का, हे पाहावे. कुंभार घट करतो तो मातीचा. निमित्तकारणाबरोबर (कर्त्याबरोबर) उपादानकारण (ज्यापासून वस्तू बनते ते द्रव्य) आपल्या अनुभवात नेहमी जोडीने येते. किंबहुना ‘प्रत्येक वस्तू आधी असलेल्या कशापासून तरी बनते’ या नियमाला अनुभवाचा आधार ‘प्रत्येक वस्तूला कर्ता असतो’ या नियमापेक्षा जास्तच आहे. अनुभवाचा अर्धा भाग विश्वाला लावायचा आणि उरलेला अर्धा सोयीसाठी सोडून द्यायचा, हे चालणार नाही. नैयायिक येथे सुसंगत आहेत, कारण त्यांनी परमाणू नित्य मानले आहेत आणि त्यांचा ईश्वर त्या परमाणूंची जुळणी करतो. म्हणूनच त्यांचा युक्तिवाद उचलून शून्यातून निर्मिती सिद्ध करायला वापरणे हे त्यांच्याच मताविरुद्ध जाते, ही गोष्ट त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

तिसरी तपासणी भागाकडून समग्राकडे जाणाऱ्या उडीची. १९४८ साली बीबीसीवर झालेल्या चर्चेत बर्ट्रांड रसेलने फ्रेडरिक कोपलस्टन या जेझुइट विद्वानाला सांगितले की प्रत्येक माणसाला आई असते, एवढ्यावरून मानवजातीला आई आहे असे ठरत नाही. मुद्दा बरोबर आहे, पण तो सरसकट वापरू नये. प्रत्येक वीट लाल असेल तर भिंतही लाल असते. म्हणजे काही गुण भागांकडून समग्राकडे जातात आणि काही जात नाहीत. ‘कारण असणे’ हा गुण कोणत्या वर्गात बसतो, हे दोन्ही बाजूंनी दाखवून द्यायचे असते.

पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) दाखला या टप्प्यावर हमखास निघतो. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल सुमारे ५,७३० वर्षे आहे, परंतु त्याचा एखादा विशिष्ट अणू आजच का फुटला आणि हजार वर्षांनी का नाही, याचे कारण प्रचलित अर्थबोधानुसार पुंजयांत्रिकी देत नाही, ती फक्त संभाव्यता देते. याचा उपयोग जपून करावा. तो अणू आधीपासून आहे आणि तो नियमाने बांधलेला आहे, त्यामुळे येथे ‘शून्यातून काहीतरी’ घडलेले नाही. ठरावीक क्षणी घटना घडवणारे कारण असलेच पाहिजे हा आग्रह ढिला होतो, एवढेच.

आरंभ झाला हे किती पक्के आहे?

प्रसरणाची समीकरणे अलेक्झांडर फ्रिडमनने १९२२ मध्ये आणि जॉर्ज लमेत्र याने १९२७ मध्ये मांडली, दीर्घिकांच्या अंतरांवरून एडविन हबलने १९२९ मध्ये प्रसरणाचा नियम दिला, आणि आर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन यांना सापडलेले, आज २.७२५ केल्विन तापमानाचे असलेले सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण (सर्व दिशांनी येणारे, तप्त बालविश्वाचे उरलेले प्रारण) १९६५ मध्ये जाहीर झाले. त्या प्रारणातून आपल्याला विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असतानाचे चित्र मिळते, आणि सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी ते अत्यंत तप्त व घन अवस्थेत होते हे आता वादाच्या पलीकडे गेले आहे.

यापुढचे मात्र वादाच्या पलीकडे नाही. रॉजर पेनरोझ आणि स्टीफन हॉकिंग यांच्या १९६५ ते १९७० या काळातील सिद्धांतांनी दाखवले की सामान्य सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वसिद्धांत) आणि द्रव्याविषयीची काही गृहीतके धरली, तर मागे जाता जाता एकलता येते. एकलता ही पाहिलेली वस्तू नाही. समीकरणे जिथे उत्तर देणे थांबवतात त्या ठिकाणाचे ते नाव आहे. सेकंदाच्या सुमारे १०⁻⁴³ भागाच्या आधीच्या काळासाठी गुरुत्वाचा पुंजसिद्धांत लागतो आणि सर्वमान्य असा सिद्धांत अद्याप हाती नाही. अरविंद बोर्डे, ॲलन गूथ आणि अलेक्झांडर विलेंकिन यांचा २००३ मधील सिद्धांत हल्ली फार उद्धृत केला जातो. ज्या अवकाशकालाचा सरासरी प्रसरणदर धन आहे, तो भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाही, असे तो सांगतो; त्या सीमेपाशी काय आहे, हे तो सांगत नाही. तिथे निराळ्या प्रकारचे भौतिक काही असू शकेल, किंवा खराखुरा आरंभही असू शकेल. जो कोणी हा सिद्धांत निर्मितीचा पुरावा म्हणून पुढे करील त्याला ‘सरासरी प्रसरणदर धन’ ही अट ठाऊक आहे का, हे विचारावे.

पर्यायी चित्रे अनेक आहेत. विलेंकिनने १९८२ मध्ये विश्व पुंज-बोगद्यातून (क्वांटम टनेलिंगने) प्रकटण्याची कल्पना मांडली. जेम्स हार्टल आणि हॉकिंग यांच्या १९८३ मधील प्रतिमानात (मॉडेलमध्ये) काळाला कडाच नाही, जसे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे हा प्रश्न गैरलागू ठरतो. फ्रेड हॉयल, जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये अर्धस्थिर स्थितीचे प्रतिमान दिले, ज्यात विश्व अनादि असून आलटून पालटून प्रसरण व आकुंचन पावते. पार्श्वप्रारणाच्या तपशिलांशी त्याचा मेळ घालणे कठीण गेल्याने बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. यांपैकी कोणतेही सिद्ध झालेले नाही, आणि आपल्या कामासाठी ते सिद्ध असण्याची गरजही नाही.

‘अनंत भूतकाळ ओलांडून आज कसा उगवेल?’ असा तर्क कोणी दिला, तर अनादि भूतकाळात कोणताही आरंभबिंदू नसतो आणि त्यातला कोणताही क्षण घेतला तरी तो आजपासून मर्यादित अंतरावरच असतो, एवढे उत्तर पुरते.

कारण मिळाले, तरी ते अलौकिक कसे?

विश्वाला कारण आहे हे चर्चेपुरते मान्य करावे आणि त्या कारणाविषयी कुमारिलभट्टांच्या पद्धतीने प्रश्न विचारावेत. कुमारिल वेदप्रामाण्य मानणारे मीमांसक, म्हणजे मीमांसादर्शनाचे आचार्य, होते, तरीही त्यांनी सृष्टिकर्त्याची कल्पना नाकारली. म्हणजे हा वाद आस्तिक-नास्तिकांच्या सरळ फळ्यांत विभागता येत नाही. प्रजापतीला शरीर होते का, असल्यास ते कोणी केले, नसल्यास त्याला निर्मितीची इच्छा कशी झाली, आणि कोणत्या प्रयोजनाने त्याने दुःखाने भरलेले जग केले, असे त्यांचे प्रश्न आहेत. त्यांत आणखी भर घालावी: कारण एकच कशावरून, ते आजही अस्तित्वात आहे कशावरून, ते चेतन कशावरून?

चेतनत्वासाठी कलाम परंपरेतून येणारा युक्तिवाद दखल घेण्याजोगा आहे. कालातीत कारण जर यांत्रिक असते तर त्याचे कार्यही अनादि असते. कार्याला आरंभ आहे, म्हणून ते कारण स्वेच्छेने निवड करणारे असले पाहिजे. युक्तिवाद चतुर आहे, पण निवड करणे ही घटना आहे आणि घटनेला काळ लागतो. कालातीत निवड म्हणजे काय, हे समजावून सांगता आले नाही, तर एका गूढाच्या जागी दुसरे गूढ आले एवढेच होते.

स्वतःच्या बाजूलाही तोच काटा लावावा

अलौकिक कारण नाकारणाऱ्यांनी येथे स्वतःची फसगत करून घेऊ नये. पुंज-निर्वातातून (क्वांटम व्हॅक्यूममधून) विश्व उद्भवू शकते, म्हणून शून्यातून उत्पत्तीचे कोडे सुटले, अशी मांडणी लॉरेन्स क्रॉस या भौतिकशास्त्रज्ञाने २०१२ च्या पुस्तकात केली, आणि निर्वात अवस्था ही भौतिक क्षेत्रांचीच एक विशिष्ट मांडणी आहे, तिला ‘काहीच नसणे’ म्हणता येत नाही, असा आक्षेप डेव्हिड अल्बर्ट या तत्त्वज्ञाने त्यावर घेतला. आक्षेप योग्य आहे. विलेंकिनच्या प्रतिमानातही नियम गृहीत धरलेले असतात, आणि ते नियम का आहेत हा प्रश्न शिल्लक राहतो.

म्हणजेच लाइब्निझचा प्रश्न शाबूत राहतो, आणि तिथे दोनच वाटा उरतात. विश्व आहे आणि त्याला पुढचे स्पष्टीकरण नाही, असे म्हणावे. किंवा जे नसणे अशक्य आहे असे अस्तित्व मानावे आणि त्यात स्पष्टीकरण संपवावे. दुसऱ्या वाटेवर मोठी अडचण आहे. प्रत्येक सत्याला पुरेसे कारण असलेच पाहिजे आणि ते कारण अनिवार्य अस्तित्वातून निघत असेल, तर त्यातून निघणारे सर्व काही अनिवार्य ठरते, जे घडले त्याहून वेगळे काही घडूच शकले नसते असे मानावे लागते, आणि ईश्वराचे निर्मितीस्वातंत्र्यही त्यात बुडते. पहिली वाट समाधान देत नाही; पण समाधान न होणे म्हणजे विसंगती असणे नव्हे. माझ्या मते पहिली वाट सुसंगत आहे, आणि म्हणून ‘लागते’ हा शब्द सिद्ध होत नाही.

या बाबतीत लमेत्र याचे वागणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वशास्त्राचा संबंध निर्मितीशी जोडणारे भाषण केले, तेव्हा आपल्या सिद्धांताचा असा वापर त्याला रुचला नाही. १९५८ च्या सॉल्व्हे या भौतिकशास्त्र परिषदेतही हा सिद्धांत तत्त्वमीमांसेच्या व धर्माच्या प्रश्नांबाहेरच राहतो, अशी भूमिका त्याने घेतली. श्रद्धा त्याने सोडली नाही, आणि समीकरणांच्या खांद्यावर ती लादलीही नाही.

निर्णय लिहिताना

शेवटी कागदावर ‘होय’ किंवा ‘नाही’ असा एकच शब्द लिहू नये. व्याप्तीविषयी, आरंभाविषयी, कारणाच्या स्वरूपाविषयी आणि लाइब्निझच्या प्रश्नाविषयी अशा चार ओळी वेगवेगळ्या लिहाव्यात, आणि प्रत्येकीसमोर आपले मत कशामुळे बदलेल ते नोंदवावे. आरंभाच्या ओळीसमोर नोंदवण्याजोगे बरेच आहे: पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात आद्य गुरुत्वलहरींचा ठसा सापडला तर विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या फुगवट्याविषयी (इन्फ्लेशन, म्हणजे अतिवेगवान प्रसरणाविषयी) अधिक खात्रीने बोलता येईल, आणि गुरुत्वाचा पुंजसिद्धांत हाती आला तर एकलतेच्या जागी काय होते हे कदाचित सांगता येईल. तसे झाल्यास ती ओळ खोडून नव्याने लिहावी लागेल, म्हणून ती पेन्सिलीने लिहावी. लाइब्निझच्या प्रश्नाची ओळ कोणत्याही दुर्बिणीने हलणार नाही, तेव्हा ती शाईने लिहिली तरी चालेल.